विश्लेषण : रपेटीला निघालेला घोडा वाटेतच का अडतो? हट्ट, भीती की दुखणे?

हट्टी माणसाला मराठीत ‘अडेलतट्टू’ म्हणतात. अडणारे तट्टू म्हणजे हट्टाचा कळस, असे भाषेनेच ठरवून टाकले आहे. प्रत्यक्षात पागेतून बाहेर पडताना किंवा अर्ध्या वाटेत पाय रोवून उभा राहणारा घोडा बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतो. पाठ दुखते आहे, समोरची वस्तू कळत नाही, सोबती मागे राहिला आहे किंवा स्वार नेमके काय सांगतो आहे तेच समजत नाही, यांपैकी काहीही कारण असू शकते. ते न ओळखता चाबूक उगारला, तर स्वार पडण्याचा धोका वाढतो आणि घोड्याचे दुखणेही झाकले जाते.

घोडा ‘अडणे’ म्हणजे नेमके काय?

घोडा बुजणे आणि अडणे यांत फरक आहे. रस्त्याकडेचा प्लास्टिकचा कागद फडफडला आणि घोडा एकदम बाजूला उडाला, तर तो बुजला. हा क्षणाचा मामला असतो. अडलेला घोडा मात्र पुढे जाण्यासच नकार देतो. सुरुवात साधी असते. पागेच्या फाटकाशी चाल मंदावते, एक कान मागे वळतो, मान घराच्या दिशेला झुकते. स्वाराने टाच दिली की घोडा तिरका चालू लागतो, मागे सरतो, जागच्या जागी गर्रकन वळतो आणि प्रकरण टोकाला गेले तर पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर उभा राहतो. हाच घोडा परतीच्या वाटेला लागला की न सांगता झपाझप चालतो. इंग्लंडमधील घोडेस्वार या खोडीला ‘नॅपिंग’ म्हणतात. तेथे गावाबाहेरच्या वाटांवर आणि रस्त्यांवर रपेट करणारे स्वार मोठ्या संख्येने असल्याने या विषयावर बराच विचार झाला आहे. पाय उचलण्यापर्यंत पोहोचलेला घोडा त्याआधी अनेक दिवस लहान लहान खुणा देत असतो. त्या वेळीच दिसल्या तर पुढचा प्रसंग टळतो.

‘न फिरवल्यामुळे’ हे जुन्या कोड्याचे उत्तर खरे का?

पान सडले, भाकरी करपली आणि घोडा अडला, या तिन्हींचे कारण एकच, ‘न फिरवल्यामुळे’, हे कोडे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या घातले जाते. त्यात तथ्य आहे. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचा बहुतेक वेळ चरत आणि चालत असतो. त्याला तेवीस तास तबेल्यात बांधून, भरपूर चंदी घालून, एका तासासाठी बाहेर काढले तर साठलेली ताकद कुठेतरी बाहेर पडणारच. शिवाय रोज रिंगणात गोल फिरण्याचीच सवय असलेल्या घोड्याला बाहेरची वाट अनोळखी असते. पण हे उत्तर अपुरे आहे. रोज फिरवले जाणारे, उत्तम शिकवलेले घोडेही अडतात. भरपूर फिरवूनही घोडा अडत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते आणि शोधाची पहिली जागा असते त्याचे शरीर.

दुखण्यामुळे घोडा अडतो आहे, हे कसे ओळखावे?

ब्रिटनमधील पशुवैद्यक सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वारीतील घोड्याच्या वेदना ओळखण्यासाठी २४ वर्तनांची यादी मांडली. कान बराच वेळ मागे पाडून ठेवणे, तोंड वारंवार उघडणे, शेपटी सतत झाडणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, मान तिरकी धरणे, पुढे जाण्यास नाखुशी, मध्येच थांबणे, पुढचे पाय उचलणे अशा खुणा तिच्यात आहेत. यांपैकी आठ किंवा अधिक खुणा एकाच वेळी दिसल्या तर हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे असण्याची शक्यता मोठी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लंगडणाऱ्या घोड्यांचा दुखरा भाग तपासणीपुरता बधिर केला, तेव्हा त्याच घोड्यांमधील या खुणा लगेच कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे ज्याला ‘स्वभाव’ समजले जात होते, ती वेदना होती.

घरच्या घरी करता येईल अशी तपासणीही आहे. खोगीर काढल्यावर पाठीच्या दोन्ही बाजूंनी तळहात दाबत न्यावा. घोडा पाठ खाली झुकवत असेल किंवा दचकत असेल तर खोगीर टोचते आहे का, हे पाहावे. खोगिराखाली घामाने भिजलेल्या भागात मधेच कोरडा ठिपका असेल तर तेथे दाब जास्त पडत असण्याची शक्यता असते. तंग आवळताना घोडा चावायला वळतो का, लगाम तोंडात घेताना डोके वर करतो का, याकडे लक्ष द्यावे. घोड्याचे दात आयुष्यभर पुढे सरकत राहतात आणि चावताना असमान झिजून त्यांच्या कडा धारदार होतात. त्या गालाला व जिभेला जखम करतात. नाल ढिली होणे, खुरात खडा अडकणे आणि कोकणासारख्या भागात पावसाळ्यात खूर सतत ओले राहून तळवा कुजणे, ही कारणेही नेहमीची आहेत. मऊ मातीवर नीट चालणारा घोडा खडीच्या रस्त्यावर येताच थबकत असेल तर आधी नालबंदाला बोलवावे.

आणखी एक कारण डोळ्यांना दिसत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत राहते, कारण त्याचे शरीर सतत थोडे थोडे चरण्यासाठी घडले आहे. तासन्‌तास उपाशी ठेवून दौडवले तर हे आम्ल जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर उसळते आणि व्रण होतात. रपेटीपूर्वी थोडा चारा देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

एकटा असतानाच का अडतो?

घोडा हा कळपात जगणारा आणि शिकार होणारा प्राणी आहे. एकटे राहणे म्हणजे धोका, हे त्याच्या हाडीमांसी मुरलेले आहे. त्यामुळे चार घोड्यांच्या रांगेत निमूट चालणारा घोडा एकटा बाहेर काढला की फाटकाशीच खिंकाळू लागतो. पाठीवरचा माणूस आपल्याला सांभाळेल, हा विश्वास त्याला शिकवावा लागतो. नव्याने विकत घेतलेल्या घोड्यात हे जास्त दिसते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारातून दरवर्षी अनेक घोडी-घोडे नव्या मालकांकडे जातात. बाजारात शेकडो माणसांत शांत उभा असलेला घोडा घरी आणल्यावर वेशीबाहेर पाऊल टाकत नाही, तेव्हा मालकाला फसवले गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या घोड्याने एका दिवसात सोबती, तबेला, वास, चारा आणि ओळखीची माणसे असे सारेच गमावलेले असते. नव्या जागेत दुसऱ्या घोड्याशी किंवा मोतद्दाराशी त्याची ओळख रुजेपर्यंत काही आठवडे जाऊ द्यावे लागतात.

घोड्याला वाट कशी दिसते?

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. पण कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली आणि शेपटीच्या थेट मागे त्याला दिसत नाही. लाल आणि हिरव्या रंगांतला फरक त्याला माणसासारखा कळत नाही. उजेडातून अंधारात जाताना त्याची नजर सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून उन्हातून दाट झाडीत शिरणारी पायवाट किंवा पुलाखालचा बोगदा आपल्याला गार सावली वाटतो, तर त्याला काळे भगदाड. डबक्यातील पाणी किती खोल आहे हे त्याला वरून ठरवता येत नाही. रस्त्यावरचा पांढरा पट्टा, गटाराची जाळी, नव्या फरसबंदीची चकाकी यांपाशी थांबणे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे असते. जाताना जी वस्तू ओळखीची झाली, तीच परतताना दुसऱ्या बाजूने दिसली की नवी वाटू शकते. यासाठी अशा जागी घोड्याला मान मोकळी सोडून पाहू द्यावे. लगाम आखडून धरला तर त्याला डोके वर-खाली करून अंदाज घेता येत नाही आणि भीती वाढते.

चाबूक मारून घोडा सुधारतो का?

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफोनने घोडेस्वारीवर लिहिलेल्या ग्रंथात इशारा दिला होता, की घोडा एखाद्या वस्तूला घाबरला असताना त्याला मारले तर भीती आणखी वाढते, कारण मार बसला तो त्या वस्तूमुळेच, असे त्याला वाटते. आजचे शिकवण्याचे शास्त्र वेगळ्या शब्दांत हेच सांगते. स्वाराची टाच हा घोड्यासाठी एक दाब असतो. त्याने पाऊल पुढे टाकताच दाब थांबला की ‘पुढे गेलो, म्हणून सुटलो’ हे तो शिकतो. शिकवण असते ती दाब सुटण्याच्या क्षणात. हा क्षण चुकला की शिकवण उलटी होते. घोडा मागे सरला आणि घाबरून स्वाराने टाच थांबवली, तर ‘मागे सरले की सुटका’ हा धडा पक्का होतो. पुढे जाऊनही टाच चालूच राहिली, तर पुढे जाण्यात काही अर्थ नाही, असे घोड्याला वाटते आणि तो टाचेला दाद देईनासा होतो.

नवशिक्या स्वारांची सर्वात मोठी चूक याहून साधी असते. घाबरलेला स्वार तोल सांभाळण्यासाठी लगामाला लटकतो आणि त्याच वेळी टाचाही मारतो. टाच सांगते ‘चल’, लगाम सांगतो ‘थांब’. पुढची वाट बंद झालेला घोडा मग मागे, बाजूला किंवा वर, जेथे जागा मिळेल तेथे जातो.

कायद्याची बाजूही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार जनावराला विनाकारण वेदना होतील असे मारणे आणि जखमी किंवा आजारी जनावराला कामाला जुंपणे हा गुन्हा आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत काटेरी लगामाच्या वापरास मनाई आहे.

घोडा अडला त्या क्षणी स्वाराने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे श्वास सोडणे. स्वाराने श्वास रोखला, मांड्या आवळल्या की घोड्याला ते लगेच कळते आणि धोका खरा आहे, असे त्याला वाटते. मग परिसर पाहावा. रहदारीचा रस्ता, दरीची कड किंवा निसरडा उतार असेल तर तेथे वाद घालू नये. जागा सुरक्षित असेल तर घोड्याचे तोंड जायच्या दिशेलाच ठेवून त्याला उभे राहू द्यावे. पाहायला वेळ द्यावा, वळायला देऊ नये. काही सेकंदांनी हात किंचित पुढे करून, नजर पायाशी न ठेवता दूरवर वाटेवर ठेवून, हलकी टाच द्यावी. एक पाऊल पडले तरी टाच थांबवावी आणि मानेवर खाजवावे. पुन्हा विचारावे, पुन्हा एक पाऊल. पाय अगदीच रोवलेले असतील तर एका बाजूचा लगाम थोडा उघडून एक-दोन पावले तिरकी टाकायला लावावीत. हललेल्या पायांना पुढे वळवणे सोपे असते. घोडा घराकडे गर्रकन वळला तर ज्या बाजूने वळला त्याच्या उलट बाजूने त्याला शांतपणे परत वाटेवर आणावे.

घोडा पुढचे पाय उचलू लागला तर लगाम ओढणे हे सर्वात घातक. त्याने घोडा तोल जाऊन स्वारावर पडू शकतो. अशा वेळी पुढे झुकावे, हात ढिले सोडून आयाळ किंवा मान धरावी आणि घोडा चारही पायांवर येताच त्याला पुढे किंवा गोल चालते करावे. हे पुन्हा घडले तर उतरावे. उतरणे ही हार नाही. मात्र उतरून लगेच घरी नेले तर तो धडा घोडा विसरत नाही. रिकिबी वर सरकवून, लगाम डोक्यावरून पुढे घेऊन, खांद्याच्या बाजूने चालत त्याला शक्य तितके पुढे न्यावे. थेट समोर चालू नये, दचकला तर तो अंगावर उडी घेऊ शकतो. थोडे पुढे जाऊन, शांत उभे राहून मग परतावे. शिरस्त्राणाशिवाय आणि एकट्याने फोन न घेता रपेटीला निघू नये, हे वेगळे सांगायला नको.

ही सवय कायमची कशी मोडता येते?

पशुवैद्यकाने दुखणे नसल्याचे सांगितल्यावरच हे काम हाती घ्यावे. सुरुवात पाठीवर न बसता होते. घोड्याला हाताने धरून रोज त्याच वाटेवर चालत न्यावे. तो जेथे कचरतो त्याच्या थोडे अलीकडेच थांबावे, चार घास चरू द्यावे आणि तो शांत असतानाच परत फिरावे. नकार देण्यापूर्वी परतलो तर परतीचा निर्णय माणसाचा राहतो. दुसऱ्या दिवशी दहा पावले पुढे. नंतर शांत स्वभावाच्या जाणत्या घोड्यासोबत बाहेर पडावे. आधी मागे, मग शेजारी, मग पुढे आणि शेवटी एकटे, असा क्रम ठेवावा.

वाट निवडतानाही विचार हवा. त्याच रस्त्याने जाऊन त्याच रस्त्याने परत येण्यापेक्षा गोल फिरून येणारी वाट बरी, कारण तीत ‘घराकडे वळण्याची जागा’ ठरलेली नसते. परत आल्याबरोबर खोगीर उतरवून तोबरा लावला तर घर म्हणजे सुख आणि बाहेर म्हणजे कष्ट, हे समीकरण घट्ट होते. आल्यावर दहा मिनिटे रिंगणात हलके काम करून घ्यावे आणि बाहेरच्या वाटेवर मात्र विसावा व खाऊ द्यावा. अनेक आठवडे लागतील, मधे एखादा दिवस बिघडेल. आधी सरळ चालणारा घोडा अचानक अडू लागला तर मात्र शिकवणी थांबवून पुन्हा तपासणीपासून सुरुवात करावी.

थंड हवेच्या ठिकाणी घोड्यावर बसणाऱ्यांनी काय ध्यानात ठेवावे?

महाराष्ट्रात बहुतेकांची घोड्याशी पहिली गाठ पडते ती माथेरान, महाबळेश्वर किंवा पाचगणीला. माथेरानमध्ये खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून पुढे घोडा हे प्रवासाचे एक साधन असते. येथील घोडे वाट तोंडपाठ असलेले असतात. असा घोडा थांबला तर त्याला काहीतरी कारण असण्याची शक्यता अधिक. वजन हे त्यांपैकी एक. खोगीर आणि स्वार मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक भार नसावा, हा साधारण मार्गदर्शक आकडा मानला जातो. म्हणजे २५० किलोच्या तट्टावर खोगिरासह ५० किलो. धिप्पाड माणसाने लहानखुऱ्या घोड्यावर बसून चढाची वाट धरली तर तो अर्ध्यात थांबणारच.

बसण्यापूर्वी घोडा चारही पायांवर सारखा उभा आहे का, पाठीवर किंवा तंगाखाली जखम आहे का, एवढे पाहायला एक मिनिट पुरते. शंका आली तर दुसरा घोडा मागावा. पोटासाठी राबणारा घोडेवाला ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून घोडा हाकत राहतो, पण ग्राहकानेच ‘मारू नका, थांबू द्या’ म्हटले तर त्याच्यावरचाही भार हलका होतो. घोड्यावर लहान मूल असेल आणि घोडा अडला तर मोबाइलवर चित्रण करत मागून ओरडणे किंवा टाळ्या वाजवणे टाळावे. घोड्याच्या थेट मागे उभे राहू नये. घोडेवाल्याला लगाम धरू द्यावा, मुलाला खोगिराची मूठ धरायला सांगावे आणि गरज वाटली तर शांतपणे खाली उतरवून घ्यावे.

वाहनचालकांचीही यात भूमिका आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २९ जानेवारी २०२२ पासून घोड्याला ओलांडताना ताशी १० मैल म्हणजे साधारण १६ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि किमान दोन मीटर अंतर ठेवण्याची सूचना आहे. घाटरस्त्यावर पाय रोवून उभा राहिलेला घोडा दिसला की मागून हॉर्न वाजवणाऱ्याने इंजिन मंद ठेवून अर्धा मिनिट थांबले, तरी पाठीवरच्या माणसाला आणि घोड्याला पुढचे पाऊल टाकायला तेवढा अवधी पुरतो.